जुनी मोटार चालू का होत नाही?

जव्हार तालुक्यातील साखरशेत ह्या गावी आमच्या एका स्नेह्यांची शेती आहे. भात, नाचणी, वरी आणि विहिरीच्या अंगास थोडासा मोगरा असा त्यांचा पसारा. आणि दारात पेट्रोलवर चालणारी एक जुनी जीप. मोगऱ्याच्या हंगामात कळ्यांच्या करंड्या पोहोचवावयाच्या, पेरणीपूर्वी खताची पोती आणावयाची आणि पाड्यावर कोणी आजारी पडले तर त्यास जव्हारास न्यावयाचे, ही कामे ती गाडी कित्येक वर्षे बिनतक्रार करीत आली होती. गेल्या भाद्रपदात एका रात्री शेजारच्या पाड्यावरील एका बाईस कळा सुरू झाल्या. माणसे कंदील घेऊन आमच्या स्नेह्यांच्या दारी आली. जीप आषाढापासून छपराखाली उभी होती. सेल्फ दाबला तो इंजिन दोन वेळा कण्हल्यासारखे फिरले आणि थांबले. अर्धा तास खटपट झाली. शेवटी चार गड्यांनी त्या बाईस डोलीत घालून भर पावसात डांबरी रस्त्यापर्यंत नेले, तेथे दुसरी गाडी मिळाली आणि ती जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात वेळेवर पोहोचली. बाई व मूल दोन्ही सुखरूप आहेत. परंतु ती रात्र आमच्या स्नेह्यांच्या मनास लागून राहिली.

पुढील दोन महिन्यांत त्यांनी त्या गाडीवर दहा हजारांहून अधिक रुपये खर्च केले. एका कारागिराने सेल्फ मंद फिरतो असे पाहून नवी बॅटरी बसविली. ठिणगी बारीक आहे असे पाहून नवी कॉइल बसविली. मग कार्ब्युरेटर उघडून त्याचा सर्व संच बदलला. गाडी होती तेथेच राहिली. एव्हाना भंगाराचा व्यापारी येऊन भाव सांगून गेला होता, आणि दिवाळी झाल्यावर आमच्या स्नेह्यांनी आम्हांस निरोप धाडला, तो "गाडी विकावी की ठेवावी, एकदा पाहून सांगा" असा.

ही हकीकत आम्ही विस्ताराने देत आहो ह्यास कारण आहे. कारागिराने बदललेली एकही वस्तू वाटेल तशी बदललेली नव्हती. प्रत्येकीस दिसावयास सबळ निमित्त होते. चूक एवढीच झाली की, लक्षण पाहिले आणि त्यासच रोग मानले. बैल लंगडतो म्हणून आपण त्याचा पाय बदलीत नाही. खूर उचलून काटा शोधतो. मोटारीच्या बाबतीत मात्र आपल्यापैकी पुष्कळ जण काटा न शोधताच पाय बदलण्यास संमती देतात, कारण इंजिनाचे झाकण उघडले की आत काय चालते हे आपणांस ठाऊक नसते. वस्तुतः ज्याने डिझेलचा पंप एकदा तरी आपल्या हाताने चालू केला आहे, त्यास जुन्या पेट्रोल गाडीचे अंतरंग समजण्यास एक दुपार पुरे आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यासाठी तयार झालेली विलीज जीप १९४७ च्या सुमारास हिंदुस्थानात आणून जोडण्यास मुंबईत आरंभ झाला. हे काम ज्या कंपनीने केले तिचा जन्म १९४५ मध्ये महिंद्र अँड मोहम्मद ह्या नावाने झाला होता व १९४८ मध्ये ती महिंद्र अँड महिंद्र झाली. वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, हीदेखील त्याच घराण्यातील म्हणावी, कारण ठिणगी पाडण्याची रीत दोहोंत एकच आहे. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग ह्यांनी १९१० च्या सुमारास ही बॅटरी, कॉइल व पॉइंट ह्यांची रचना सिद्ध केली, आणि विजेचा सेल्फही त्यांचाच. तो १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीवर प्रथम आला. ह्या रचनेत संगणक नाही, सांकेतिक दिवे नाहीत; जे आहे ते डोळ्यांस दिसते व हातास लागते. अडचण आहे ती जाणत्या हातांची. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, आणि त्या गाड्यांवर ज्यांची हयात गेली ते कारागीर आता वयस्क झाले आहेत. नव्या कारागिरास पॉइंट म्हणजे काय हे पुष्कळदा पाहावयासही मिळालेले नसते. तेव्हा मालकानेच थोडे शिकून घेणे आता भाग आहे.

पेट्रोलच्या इंजिनास चालू होण्यास चारच गोष्टी लागतात. ते पुरेशा वेगाने फिरले पाहिजे. प्लगाशी जोरकस ठिणगी पडली पाहिजे व तीही नेमक्या वेळी. पेट्रोल व हवा ह्यांचे योग्य मिश्रण नळकांड्यांत आले पाहिजे. आणि दट्ट्याने ते मिश्रण घट्ट दाबले गेले पाहिजे. चौथी गोष्ट एका रात्रीत सहसा बिघडत नाही. काल चालणारी गाडी आज चालू होत नसेल तर दोष बहुधा पहिल्या तिहींत असतो, आणि त्या ज्या क्रमाने सांगितल्या त्याच क्रमाने पाहाव्या. क्रम सोडला की एक दोष दुसऱ्याचे सोंग घेतो. साखरशेतास नेमके असेच घडले होते.

आम्ही सोबत एक १२ व्होल्टचा लहान दिवा, एक व्होल्टमापक, फिलर गेज आणि एक जुना पण चांगला प्लग एवढेच नेले होते. गाडीपाशी गेल्यावर प्रथम कशासही हात न लावता आम्ही विचारपूस केली. मालकांनी सांगावयाचे ते सांगितले. मग ज्यांस सारे गाव काका म्हणते, असे त्यांच्याकडील एक म्हातारे गडी पुढे आले. पूर्वी ही जीप बरीच वर्षे तेच चालवीत असत. ते म्हणाले, "सेल्फ मारला तर गाडी ब्र काढत नाही. हँडल मारलं तर एक-दोनदा खोकते. आणि भाऊ, सेल्फ मारताना चोकची तार हाताला चटका देते." हे त्यांनी कारागिरासही सांगितले होते, पण त्या गर्दीत त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते. आम्हांस विचाराल तर रोगाचे निदान काकांनीच केले होते. आम्ही केवळ त्यास आकड्यांचा आधार शोधला.

प्रथम दिव्यांची परीक्षा. ह्यास काही साधन लागत नाही. गाडीचे पुढचे दिवे लावावे आणि एकाने सेल्फ दाबावा, दुसऱ्याने दिव्यांकडे पाहावे. दिवे एकदम विझले तर बॅटरीच्या टोकांशी जोड सैल आहे अथवा बॅटरी पार उतरली आहे. दिवे मंद होऊन इंजिन कष्टाने फिरले तर बॅटरी अशक्त आहे, किंवा वाटेत कोठे तरी वीज अडत आहे, किंवा क्वचित इंजिनच जड झाले आहे. दिवे होते तसेच राहिले आणि काहीच हलले नाही तर वीज सेल्फपर्यंत पोहोचतच नाही. दोष सेल्फच्या स्विचात वा त्याच्या तारांत पाहावा. आणि सेल्फ नुसता घुंई करून फिरला, इंजिन मात्र स्थिर राहिले, तर सेल्फच्या दांड्यावरील दातेरी चाक घाणीने चिकटून पुढे सरकत नाही असे समजावे. ते रॉकेलने धुऊन काढावे, वंगण मात्र लावू नये, त्यावर धूळ बसते.

साखरशेतच्या जीपचे दिवे थोडे मंद झाले. पण इंजिन ज्या कष्टाने फिरत होते त्या मानाने ते बरेच उजळ राहिले. येथेच पहिला संशय यावयास हवा. दिव्यांस पुरेशी वीज मिळते, सेल्फास मिळत नाही, म्हणजे बॅटरीत वीज आहे. व्होल्टमापकाने पाहता उभ्या गाडीवर बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवीत होती. म्हणजे ती पूर्ण भरलेली होती. सेल्फ दाबला असता तिच्या दोन टोकांवर १०.५ च्या आसपास राहिले, हेही ठीकच. चांगल्या बॅटरीने ह्या वेळी साडेनवाच्या खाली जाऊ नये. ज्यांच्याकडे व्होल्टमापक नाही पण बॅटरीच्या पाण्याचा हायड्रोमीटर आहे, त्यांनी प्रत्येक खान्यातील पाण्याची घनता पाहावी, १.२४० ते १.२६० असल्यास बॅटरी भरलेली, १.१५० च्या खाली असल्यास उतरलेली. एकाच खान्याची घनता इतरांहून फार कमी आली तर तो खाना गेला.

मग व्होल्टमापकाची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर, केबलच्या चापावर नव्हे तर खुद्द शिशाच्या टोकावर, आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरून सेल्फ दाबविला. ह्या दोन जागांत अर्ध्या व्होल्टाहून अधिक फरक पडू नये. काटा ४ व्होल्टांशी जाऊन उभा राहिला.

ह्याचा अर्थ असा. बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या चॅसिसला जोडलेले असते. इंजिन मात्र रबरी गाद्यांवर बसविलेले असल्यामुळे त्याचा चॅसिसशी धातूचा संबंध राहत नाही. तो एका तांब्याच्या विणीव पट्टीने जोडून दिलेला असतो. हीच अर्थची पट्टी. सेल्फ एका दमात दीडशे-दोनशे अँपियर वीज ओढतो आणि ती सारी ह्या पट्टीतून परत जाते. पट्टीच्या टोकाशी गंज चढून एका ओहमचा पन्नासावा भाग एवढाच अडथळा निर्माण झाला तरी २०० अँपियरच्या प्रवाहास तेथे ४ व्होल्टांचा तोटा येतो. साडेदहातून चार गेले, साडेसहा राहिले. तेवढ्यावर १२ व्होल्टचा सेल्फ कण्हतच फिरणार. आणि कॉइलचा परतीचा मार्गही इंजिनातूनच जात असल्यामुळे तिलाही तेवढेच व्होल्ट मिळणार आणि ठिणगी बारीक, तांबूस पडणार. हँडल मारले असता मात्र सेल्फ काहीच ओढीत नाही, बॅटरीचे पुरे बळ कॉइलला मिळते आणि इंजिन खोकते. उरली चोकची तार. पट्टीचा रस्ता बंद झाल्यावर विजेने दुसरा रस्ता धरला होता. ती त्या बारीक तारेतून चॅसिसकडे जात होती, आणि एवढा प्रवाह न पेलल्यामुळे तार तापत होती. काकांच्या हातास बसणारा चटका तो हाच.

खात्री करून घेण्याची रीत सोपी आहे. एक जाड केबल बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट इंजिनास लावून पाहावी. आम्ही ती लावताच सेल्फ असा काही फिरला की, शेजारी दाणे टिपणाऱ्या कोंबड्या पळाल्या. पट्टी काढून पाहिली तो वरून ती बरी दिसत होती. परंतु चॅसिसकडील बोल्टाखाली रंगाचा थर आणि त्याखाली गंजाची खपली होती. जव्हारचे हे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फूट उंच असून येथे वर्षास शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. चार महिने धुके व ओल छपराखालीही सुटत नाही. जागा खरवडून चकचकीत केली, नवी पट्टी बसविली आणि वरून ग्रीसचा हात दिला. पट्टीची किंमत नव्या बॅटरीच्या मानाने नगण्यच.

येथे एक सूचना. काही फार जुन्या, विशेषतः विलायती गाड्यांत बॅटरीचे धन टोक चॅसिसला जोडलेले असते. केबल लावण्यापूर्वी आपल्या गाडीत कोणते टोक चॅसिसला गेले आहे हे पाहूनच हात घालावा.

आता ठिणगीकडे वळू. एका प्लगाची तार काढून ती आपल्याजवळील जुन्या प्लगास लावावी, त्या प्लगाचे लोखंडी अंग इंजिनास टेकवून ठेवावे आणि इंजिन फिरवावे. कडकड आवाज करणारी निळसर ठिणगी आली तर बरे. मुळीच आली नाही तर डिस्ट्रिब्युटरच्या मध्यभागी येणारी जाड तार काढून तिचे टोक इंजिनापासून पाव इंचावर लाकडी चिमट्याने धरावे. तेथे ठिणगी आहे पण प्लगाशी नाही, तर दोष डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात अथवा रोटरात. पावसाळ्यात हे झाकण आतून घामेजते. कोरड्या फडक्याने पुसून, उन्हात ठेवून बसविले की पुष्कळ गाड्या चालू होतात. झाकणास केसासारखी भेग असून तीत काळी रेघ दिसत असेल तर मात्र ते बदलावेच लागते.

मधल्या तारेसही ठिणगी नसेल तर दिवा घ्यावा. त्याची एक तार इंजिनास आणि दुसरी कॉइलच्या त्या टोकास लावावी जेथून बारीक तार डिस्ट्रिब्युटरकडे जाते. चावी लावून इंजिन फिरविले असता दिवा उघडझाप करू लागला तर पॉइंट आपले काम करीत आहेत. दिवा सतत जळत राहिला तर पॉइंट मिटूनही त्यांत वीज वाहत नाही, बहुधा त्यांच्या तोंडावर बुरशीसारखा थर बसला आहे. आणि दिवा मुळीच लागला नाही तर कॉइलपर्यंत वीज येत नाही, किंवा पॉइंट उघडतच नाहीत, किंवा कंडेन्सर आतून जुळून गेला आहे. पॉइंटांची तोंडे बारीक कानशीने हलकेच साफ करून, शेवटी कोऱ्या कागदाची पट्टी त्यांमधून ओढून घ्यावी, म्हणजे कीस निघून जातो. जीपच्या इंजिनात पॉइंटांमधील अंतर एका इंचाच्या २० सहस्रांश आणि प्लगाचे ३० सहस्रांश ठेवण्याची रीत आहे. फिलर गेजची पाती घालून ते पाहावे. साखरशेतास पॉइंटांवर थर होताच. तीन महिने ओलीत उभ्या असलेल्या गाडीत तो नसता तर नवल. तो काढला आणि ठिणगी अशी झाली की दिवसा उजेडीही स्पष्ट दिसावी.

कारागिराने ज्या तारा काढल्या असतील त्या परत बरोबर जागी बसविल्या आहेत की नाही, हेही एकदा पाहावे. ह्या इंजिनात नळकांड्यांचा क्रम १, ३, ४, २ असा आहे. दोन तारांची अदलाबदल झाली की गाडी फटाके वाजविते, पण चालत नाही. आणि मालक बिचारा कार्ब्युरेटर उघडून बसतो.

एवढे झाल्यावर आम्ही सेल्फ दाबला. इंजिन चालू झाले, चार-सहा श्वास घेतले आणि थांबले. पुन्हा तेच. आमच्या स्नेह्यांचा चेहरा उतरला. परंतु हा दुसरा दोष आहे आणि पहिला दूर झाल्याशिवाय तो दिसणारच नव्हता, हे आम्ही त्यांस समजावून सांगितले.

पेट्रोल येते की नाही हे पाहण्यास हवेची गाळणी काढून कार्ब्युरेटरच्या नरड्यात डोकवावे आणि ॲक्सिलरेटरची दांडी हाताने ओढावी. पेट्रोलची बारीक धार दिसली तर वाटीत पेट्रोल आहे. न दिसल्यास पंपापासून कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी सोडून तिचे तोंड बाटलीत धरावे, चावी बंद ठेवून हँडलने इंजिन फिरवावे. दर दोन फेऱ्यांस नियमित उसळी यावयास हवी. उसळी नसेल तर पंपाची काचेची वाटी, तीतील जाळी, टाकीकडून येणारी नळी आणि पंपाचा पडदा असे मागे मागे जावे. टाकीच्या झाकणास हवेचे बारीक छिद्र असते, तेही पाहावे. ते चिखलाने बुजले की टाकीत निर्वात होतो आणि गाडी काही अंतर चालून थांबते. झाकण उघडले की सुस्कारा ऐकू येतो आणि गाडी पुन्हा चालते. ह्या एका छिद्रापायी किती पंप बदलले गेले असतील कोणास ठाऊक.

साखरशेतास धार येत होती. मग आम्ही टाकीच्या तळाचा बोल्ट सोडून पहिले अर्धा लिटर पेट्रोल एका पांढऱ्या काचेच्या बाटलीत घेतले आणि पडवीत ठेवून चहा घेतला. तेवढ्या वेळात बाटलीत दोन थर स्पष्ट वेगळे झाले. वर पिवळसर पेट्रोल, खाली तीन बोटे गढूळ पाणी.

हे पाणी कोठून आले, ह्याचा विचार शेतकऱ्याने अवश्य करावा, कारण ह्या गोष्टीत त्याचाही हात आहे. उसाचा रस, मळी, मका व खराब झालेले धान्य ह्यांपासून केलेले इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्यास आपल्या देशात २००३ मध्ये ५ टक्क्यांनी प्रारंभ झाला. २०२२ मध्ये हे प्रमाण १० टक्क्यांवर गेले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. ऊस व मका पिकविणाऱ्यास त्यापासून गिऱ्हाईक मिळाले, परदेशी तेलावरील खर्च काहीसा वाचला, हे आम्हांस मान्यच आहे. परंतु इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. पूर्वीच्या निव्वळ पेट्रोलमध्ये पाणी असले तरी ते तळाशी थेंबांनी वेगळे राही. मिश्र पेट्रोलमध्ये ते प्रथम विरघळते, दिसत नाही. आणि मर्यादेबाहेर गेले की एके दिवशी इथेनॉलास आपल्याबरोबर घेऊन एकदम तळाशी बसते. पंपाची नळी तळातूनच ओढते. अर्धी रिकामी टाकी, ओलसर हवा आणि चार महिने मुक्काम, असा योग जुळला की ही गोष्ट घडावयास वेळ लागत नाही. शिवाय जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व पंपाचे पडदे ह्या मिश्रणास टिकत नाहीत, फुगतात, भेगाळतात. आणि टाकीत वर्षानुवर्षे चिकटलेला राळेसारखा थर सुटून जाळीत येऊन अडकतो. इथेनॉलास जळण्यास हवा कमी लागत असल्याने जुन्या कार्ब्युरेटरचे मिश्रणही थोडे फिके पडते, म्हणून थंडीच्या सकाळी चोक पूर्वीपेक्षा थोडा अधिक वेळ ओढून ठेवावा लागतो. ह्याचा अर्थ जुनी गाडी टाकून द्यावी असा नव्हे. नळ्या व पडदा नव्या जातीच्या रबराचा बसवावा आणि पावसाळ्यात टाकीकडे दुर्लक्ष करू नये, एवढाच आहे.

टाकी रिकामी करून, उन्हात वाळवून, जाळी व कार्ब्युरेटरची वाटी धुऊन ताजे पेट्रोल घातले. वाटी भरेपर्यंत हँडल फिरवावे लागले. ते काकांनी हौसेने फिरविले. पुढच्या दाबास जीप चालू झाली आणि चालूच राहिली. त्या संध्याकाळी आम्ही तिच्यातूनच जव्हारास आलो.

दाबाची परीक्षा करण्याची वेळ आली नाही. परंतु ज्यांच्यावर येईल त्यांनी सर्व प्लग काढून, एकेका छिद्रावर अंगठा दाबून दुसऱ्याकडून इंजिन फिरवून पाहावे. चारी छिद्रांतून अंगठा सारख्याच जोराने उडविला गेला पाहिजे. एकातून मऊ लागल्यास त्यात चमचाभर इंजिनाचे तेल सोडून पुन्हा पाहावे. जोर वाढला तर दट्ट्याच्या कड्या झिजल्या, न वाढला तर झडपेत दोष. पेंढ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत मात्र ह्या सर्वांआधी हवेची गाळणी व धुराडे पाहावे. पहिल्यात उंदीर आणि दुसऱ्यात कुंभारीण माशी घर करते, आणि उंदरांस तारांवरील वेष्टणही आवडते.

डिझेलच्या जीपांविषयी येथे लिहीत नाही. त्यांत ठिणगी नाही. दोष बहुतेक वेळा नळीत शिरलेल्या हवेचा असतो, आणि ती काढण्याची रीत पंपाच्या इंजिनावरून आमच्या वाचकांस परिचित आहे.

धोक्याच्या दोन-तीन गोष्टी सांगणे अवश्य आहे. ठिणगी पाहताना उघडे पेट्रोल जवळ असू नये, आणि इंजिन फिरत असता कार्ब्युरेटरच्या नरड्यात पेट्रोल ओतण्याची जी खोड पुष्कळांस आहे ती सोडावी. उलट भडका उडून हात-तोंड भाजते. नळीने पेट्रोल तोंडाने ओढू नये, ते फुप्फुसांत गेल्यास जिवावर बेतते. हँडल मारताना गिअर सुटा असल्याची खात्री करावी, अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा व हँडल खालून वर ओढावे. इंजिन उलट फिरले तर हातातून सुटते, मनगट मोडत नाही. बंद छपराखाली इंजिन चालू ठेवू नये. त्या धुराला वास फारसा नसला तरी तो विषारी असतो.

पुढील पावसाळ्यासाठी साखरशेतास असे ठरले आहे. ज्येष्ठातच टाकी काठोकाठ भरावयाची, म्हणजे ओल शिरण्यास आत मोकळी हवा राहणार नाही. दर आठवड्यास गाडी काढून पाड्यापर्यंत फिरवून आणावयाची. जागेवर पाच मिनिटे घुरघुरवून बंद करण्याने उलट धुराड्यात पाणी साठते. बॅटरीच्या टोकांवरील पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावयाची, वाळल्यावर ग्रीस लावावयाचे. पेंढा गाडीपासून दूर रचावयाचा. आणि महिन्यातून एकदा टाकीच्या तळाचे पेट्रोल बाटलीत घेऊन पाहावयाचे, हे काम काकांकडे आहे.

राहिली ती काढून टाकलेली जुनी कॉइल. ती गोठ्याच्या कोनाड्यात पडली होती. निघण्यापूर्वी आम्ही ती पुसून गाडीवर बसवून पाहिली, तो जीप तिच्यावरही तितकीच चांगली चालली. आता ती चालकाच्या बैठकीखालच्या पेटीत जादा म्हणून ठेविली आहे. जुनी बॅटरी मात्र नवीच्या बदल्यात गेली, ती परत मिळण्याजोगी नव्हती.